कवचाला पाडलेलं छिद्र

जीवनाची सुरुवात माणसाच्या हातात नसते, असं मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत अगदी मनापासून मानत होते. हे मानत असतानाच जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत माझी नोकरी चालू होती आणि त्या नोकरीत दर सोमवारी मी चारशे-चारशे बियांच्या जीवनाची सुरुवात करून देत असे. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, ती उगवणीच्या कपाटात उभी ठेवायची, चौथ्या दिवशी उघडून मोजायची, बाराव्या दिवशी पुन्हा मोजायची. धड रोप, वाकडं रोप, कडक बी, मेलेलं बी, असे चार रकाने होते. ‘ईश्वरेच्छा’ असा पाचवा रकाना नव्हता. असता तर काम पुष्कळ सोपं झालं असतं.

माझं सासर जुन्या जालन्यात. खाली सासऱ्यांचं कापडाचं ठोक दुकान, वर आम्ही राहायचो. नवरा एमआयडीसीतल्याच एका रीरोलिंग मिलमध्ये शिफ्ट बघायचा. सकाळी एकाच स्कूटरवर आम्ही निघायचो. मी बियांकडे, तो लोखंडाकडे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. याबद्दल घरातलं कुणी मला काही बोलत नसे. बोलायचं काम चुलत सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंचवीस बायकांसमोर, माझ्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “कंपनीत हजारानं उगवून राह्यलीस म्हणे. घरचं एक न्हाई उगवत व्हय?”

बायका हसल्या. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. घरी आल्यावर मात्र मी ते वाक्य दोन दिवस चघळलं.

ही दोन हजार सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. औरंगाबादला एका डॉक्टरांनी टेस्ट ट्यूब बेबीचं केंद्र काढलं होतं. उद्घाटनाला मंत्री आले होते, फीत कापली होती, समई पेटवली होती. दारावर फ्लेक्स होता, त्यावर ढगातून खाली येणारं एक गुटगुटीत बाळ आणि खाली ओळ: ‘आता निसर्गाने आमची वाट पाहावी’. डॉक्टर बोलतानाही फ्लेक्सवर लिहावं तसंच बोलायचे. माणूस हुशार होता, हात चांगला होता, पण साधं ‘बसा’ म्हणतानासुद्धा ते सभेला उद्देशून म्हणतायत असं वाटायचं.

पहिल्या खेपेला माझी पाच अंडी फळली. पाचातले तीन भ्रूण तिसऱ्या दिवशी माझ्या गर्भाशयात सोडले आणि दोन गोठवून ठेवले. चौदा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. तिघांतला एकही रुजला नव्हता. डॉक्टर माझ्याकडे बघत सावकाश म्हणाले, की निसर्गाची इच्छा. मला आठवलं की महिन्यापूर्वी याच माणसाने निसर्गाला दाराबाहेर वाट बघत उभं केलं होतं. पण तेव्हा हसू येण्याची स्थिती नव्हती. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र साध्या आवाजात. माझ्या अंडाशयातून पुन्हा अंडी मिळतील अशी आशा धरू नका. जे आहे ते आहे. म्हणजे ते दोन गोठवलेले भ्रूण. त्यानंतर काही नाही.

त्या दिवशी बाहेर पडताना लॅबच्या मॅडम भेटल्या. त्या केंद्रात डॉक्टरांना सगळे ओळखत आणि मॅडमना कुणीच ओळखत नसे, कारण त्या दिवसभर आतल्या खोलीत तोंडाला मास्क लावून, पायात चपला न घालता, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेल्या असत. चाळिशीच्या, बारीक, बोलायला फारशा उत्सुक नसलेल्या. मी त्यांना विचारलं की जे सोडले ते मेलेले होते का. नव्हते, त्या म्हणाल्या. तिघेही चांगले वाढत होते. मग काय झालं असेल, असं मी विचारलं. खरं तर हा प्रश्न त्या रोज दहा बायकांकडून ऐकत असतील.

“खात्रीने सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “भ्रूणाभोवती एक पारदर्शक कवच असतं. पाचव्या-सहाव्या दिवशी ते फोडून भ्रूण बाहेर पडतो आणि मगच गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो. काही जणींमध्ये, वय वाढलं की, ते कवच जाड असतं. तुमचं जाड आहे. गोठवल्यावर ते आणखी कडक होऊ शकतं.”

“म्हणजे कडक बी,” मी म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“मग तुम्ही काय करता?” मी विचारलं.

“कवचाला बारीक भोक पाडतो.”

“कशानं?”

“ॲसिडनं. अगदी सौम्य.”

“आम्ही नेलकटरनं पाडतो.”

मॅडम तिथल्याच बाकावर बसल्या. पुढचा पाऊण तास आम्ही दोघी बोलत होतो आणि नवरा दोनदा घड्याळ दाखवून गेला. मी त्यांना सांगितलं की कारल्याच्या बीचं कवच इतकं टणक असतं की नुसतं पेरलं तर अर्धं बी महिनाभर जमिनीत झोपून राहतं. आमच्या लॅबमध्ये टोकाकडचा कवचाचा कण नेलकटरने उडवतो, मग पाणी आत जातं आणि आठवड्यात कोंब. माझं माहेर मंठ्याचं. तिथे आई कुंपणावर कारली लावायची तेव्हा प्रत्येक बीचं टोक दातात धरून अलगद कट् करायची. तो आवाज झाला की बी खड्ड्यात. तिने ना विज्ञान शिकलं होतं ना कुणाला शिकवलं होतं. तिची आई करायची म्हणून ती करायची. मॅडमनी विचारलं की आतल्या दळाला दात लागला तर? मी म्हटलं, तर ते बी आई फेकून द्यायची, तिच्याकडे ओंजळभर बिया असायच्या.

मॅडम म्हणाल्या, “माझ्याकडे तुमचे दोनच आहेत.”

मी घरी परतताना भाड्याच्या जीपमध्ये एकटीच हसत होते. अपयशाचा रिपोर्ट पर्समध्ये होता आणि मला काहीतरी मोठं सापडल्यासारखं वाटत होतं. नवऱ्याने काळजीने विचारलं की बरं वाटतंय ना. मी त्याला बदनापूर येईपर्यंत भ्रूणाचं कवच समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला की मिलमध्येही कांब बाहेर आली की वरची पापडी आधी उडवावी लागते. प्रत्येकजण आपल्या धंद्यातून बघतो. पण त्याला समजलं होतं, हे मला समजलं.

पुढचे दोन महिने गोळ्या आणि इंजेक्शनं घेऊन अस्तर तयार करण्यात गेले. दर आठ-दहा दिवसांनी औरंगाबाद, सोनोग्राफी, पुन्हा जालना. लॅबमध्ये मी गुंडाळ्या उघडत होते, मोजत होते, आणि डोक्यात दुसऱ्याच बियांची मोजणी चालू होती.

या काळात मला बारा बियांची आठवण वारंवार येत होती. ती सांगायला हवी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या कंपनीच्या पैदासकारांनी, म्हणजे नवीन वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांनी, मला रानकारल्याच्या बारा बिया दिल्या होत्या. कुठल्याशा डोंगरातून, बरीच पायपीट करून आणलेल्या. त्यांना त्या उगवून हव्या होत्या. मी नवी होते, उत्साही होते, मला आईची युक्ती येत होती. मी बाराच्या बारा बियांचं टोक उडवलं. कवच रानटी म्हणून जरा जास्तच. सात बिया छिद्रातून शिरलेल्या बुरशीने सडल्या, पाच कशाबशा उगवल्या. पैदासकार मला काही बोलले नाहीत. तीन दिवस माझ्याशी काहीच बोलले नाहीत. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले, की बी थोडं असेल तर सगळ्यांवर एकच प्रयोग करायचा नसतो. बस. त्या दिवसापासून माझ्या हाताला ती सवय लागली. थोडं बी आलं की मी काही भाग बाजूला ठेवते, अगदी खात्री असली तरीही.

शेवटी तो दिवस ठरला. केंद्राने छापील सूचना दिल्या होत्या. पोटभर पाणी पिऊन या, मूत्राशय भरलेलं हवं. दागिने घालू नका. आणि मोठ्या अक्षरांत: अत्तर, पावडर, सुगंधी तेल लावून येऊ नये. मॅडमनी कारण सांगितलं होतं. भ्रूण ज्या पेटीत असतात तिथली हवा अतिशय शुद्ध ठेवतात. सुगंधी वाफ आत गेली तर त्यांना अपाय होऊ शकतो. हे मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या होत्या.

आता आमच्या घरची रीत. सासऱ्यांच्या गादीशेजारच्या खणात अत्तराच्या कुप्या असायच्या. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनगटाला हिना लागल्याशिवाय गठ्ठ्याची दोरी सुटत नसे. निजामाच्या राज्यापासून चालत आलेली पद्धत, असं ते अभिमानाने सांगत. घरातून कुणी चांगल्या कामाला निघालं तरी तेच. मुलाखत, साखरपुडा, दहावीचा पेपर, कोर्टाची तारीख. अत्तराशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

सकाळी सात वाजता मी खाली आले तेव्हा सगळ्या जिन्यात हिन्याचा वास घुमत होता. सासऱ्यांनी नवऱ्याची दोन्ही मनगटं आणि कॉलर आटोपली होती, जीपच्या ड्रायव्हरच्या कानात फाया खोचला होता, आणि आता जीपच्या सीटकव्हरला बोट पुसत होते. मी तिथेच थांबले. मामंजी, अत्तर चालत नाही म्हणून वाचून दाखवलं होतं ना, असं मी म्हणाले.

“आगं, ते सेंटाचं लिव्हलंय,” सासरे म्हणाले. “त्यात दारू आसती. हे सेंट थोडीच हाय. हिना हाय, बिलकुल शुद्ध. ह्याच्यानं कुणाला नुकसान झाल्यालं म्या न्हाई पाह्यलं.”

तेवढ्यात मी पाया पडायला वाकले आणि सासूबाईंनी, काहीच न ऐकल्यामुळे, माझ्या पदराला बोट लावलं.

सूनबाईच्या चांगल्यासाठी सासरेही जीपमध्ये बसले. मी खिडकी उघडी ठेवून, मूत्राशय भरत, पदर बाहेर वाऱ्यावर धरून साठ किलोमीटर गेले. रस्त्यावरचे लोक काय समजले असतील कुणास ठाऊक.

लॅबच्या दारात मॅडम आल्या, दोन पावलं आधीच थांबल्या.

“अत्तर कोणी लावलंय?”

मग नवऱ्याने वर्गात विद्यार्थी करतो तसा हात वर केला. सासरे भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. मॅडमनी आवाज न चढवता नवरा, सासरे, ड्रायव्हर आणि जीप, चौघांनाही फाटकाच्या बाहेर घालवलं. मला मावशींच्या ताब्यात दिलं. मावशी म्हणजे केंद्रातल्या आया. भोकरदनकडच्या, धिप्पाड, बोलक्या. त्यांनी मला दोन बादल्या साध्या पाण्याने डोक्यावरून आंघोळ घातली, माझी साडी पिशवीत गाठ मारून गच्चीवर टाकली, हिरवा गाउन दिला आणि मग माझ्या कानामागे, मानेला, मनगटांना नाक लावून बराच वेळ हुंगलं. शेवटी मॅडमना ओरडून सांगितलं की बराबर झालं, आता पाण्याचाबी वास न्हाई. भरलेलं मूत्राशय घेऊन दोन बादल्या गार पाण्याखाली उभं राहणं म्हणजे काय, ते लिहिण्याची ही जागा नव्हे.

मॅडम परत आल्या तेव्हा मास्कच्या वर त्यांचे डोळे वेगळेच दिसत होते. दोन्ही भ्रूण सकाळी गोठवणीतून बाहेर काढले होते. दोन्ही जिवंत होते.

“एकाच्या आठही पेशी शाबूत आहेत,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या सहा होत्या, त्यातली एक गेली. पाच आहेत. कवच दोघांचंही जाड आहे. चांगल्याला मी छिद्र पाडणार. दुसऱ्याचं तुम्ही सांगा. छिद्र नाही पाडलं तर कदाचित तो बाहेरच पडणार नाही. पाडताना ॲसिड आत गेलं तर अजून एखादी पेशी जाईल, आणि त्याला ते परवडणार नाही. डॉक्टर म्हणतात, दोघांनाही पाडा.”

मी विचारलं की तुम्ही काय म्हणता. त्या म्हणाल्या की त्यांना माहीत नाही, आणि हे वाक्य त्या केंद्रात मी पहिल्यांदाच ऐकत होते. नवऱ्याला विचारायला हवं होतं, पण नवरा हिन्याचा वास घेऊन फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसला होता. मावशी निरोप घेऊन गेल्या. मावशी धापा टाकत आल्या आणि त्यांनी निरोप क्रमाने सांगितले.

“तुमचे मालक म्हणले, तिला कळतंय, तिलाच इचारा. सासरे म्हणले, काय करायचं ते बराबर करा पर जल्दी करा. डायवर म्हणला, गाडी उन्हात हाय.”

मला हसू आलं आणि त्याच क्षणी बारा बिया डोळ्यांसमोर आल्या. सडलेल्या सात नव्हे, तर उरलेल्या, कागदावर हिरवट कोंब काढलेल्या पाच.

“एकाला पाडा,” मी म्हणाले. “एक तसाच ठेवा.”

मॅडमनी मान हलवली आणि आत गेल्या. डॉक्टरांनी नातेवाइकांवर छाप पडावी म्हणून बाहेरच्या बोळात एक छोटा काळापांढरा टीव्ही बसवला होता, तो आतल्या सूक्ष्मदर्शकाला जोडलेला होता. त्याच्यासमोर आता हिरव्या गाउनमधली एकटी मी आणि मावशी.

पडद्यावर तो आला. आठ पेशी, एकमेकींना दाटीने चिकटलेल्या, मुठीत धरलेल्या द्राक्षांसारख्या. भोवती एक स्वच्छ, जाड, चमकणारं कडं. डावीकडून एक बोथट काचनळी आली आणि तिने त्याला हलक्या ओढीने धरून ठेवलं. उजवीकडून दुसरी आली, केसापेक्षा बारीक, टोकाला आणखी निमुळती. मी लॅबमध्ये आयुष्य घालवलं होतं, पण इतक्या छोट्या जागेत इतकं शांत काम मी पाहिलं नव्हतं. नळीचं टोक कड्याजवळ आलं. पेशींपासून दूर, जिथे आत थोडी मोकळी जागा होती तिथे. थांबलं. मग कड्याची ती जागा धूसर झाली, ओलसर कागदासारखी सैल पडली, पातळ झाली, आणखी पातळ, आणि एकदम तिथे काहीच राहिलं नाही. नळी लगेच मागे गेली. आठही पेशी जागच्या जागी. सगळं मिळून काही सेकंद. मावशींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे निळा वळ उमटला.

“उघडलं,” मावशी म्हणाल्या.

दुसऱ्याला पडद्यावर फक्त दाखवलं. पाच पेशी, एक कोपरा रिकामा, कवच अखंड. मग तोही गेला.

शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर तयार होते. मॅडम लवचीक बारीक नळी दोन्ही हातांत धरून, बोलण्याइतकाही श्वास न सोडता, बिनचपलांच्या दहा पावलांत आल्या. डॉक्टरांनी एक क्षण घेतला आणि म्हणाले की हा क्षण खरं तर विज्ञान आणि श्रद्धा यांच्या…

“डॉक्टर, थेंब गार होतोय,” मॅडम म्हणाल्या.

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं. सोनोग्राफीच्या पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकला आणि राहिला. मॅडम रिकामी नळी घेऊन आत गेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि दारातून सांगितलं की नळीत काही उरलं नाही. मी छताकडे बघत पडून राहिले. मला वाटत होतं की माझ्या पोटात कुणीतरी दिवा लावून ठेवलाय आणि तो विझू नये म्हणून मी हलू नये. मॅडमनी येऊन सांगितलं की हलल्याने काही पडत नाही, घरी जा, नेहमीसारखं वागा.

नेहमीसारखं वागायला माझ्या सासरच्या लोकांचा सपशेल विरोध होता. नवऱ्याने परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला प्रत्येक खड्डा आधी सांगितला. सासूबाईंनी माझं जिना चढणं-उतरणं बंद केलं. सासऱ्यांनी अत्तराचा खण कुलूप लावून बंद केला आणि बस्त्याला आलेल्या गिऱ्हाइकांना सांगितलं की हिना संपलाय. तीस वर्षांत दुकानात हिना संपल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे दोन दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं की काहीतरी आहे. चुलत सासूबाई ताबडतोब आल्या. कॉटवर बसून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, “किती दिवसाचं पेरलंय?” मी म्हटलं, दोन. “मंग अजून वरी यायला येळ हाय,” त्या म्हणाल्या आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. त्यांच्याबद्दलचं माझं मत त्या दिवशी बदलायला लागलं, हे मला मुळीच सोयीचं नव्हतं.

मी तिसऱ्या दिवशीच कामाला गेले. घरी बसले असते तर वेडी झाले असते. कापसाच्या बियांच्या गुंडाळ्या उघडून मोजत होते आणि मनात दुसरंच चालू होतं. आज आठ पेशींची शंभर झाली असतील. आज ते छिद्रातून बाहेर पडू लागलं असेल. की दुसरं, कवच न फोडताच आत थांबलं असेल? आज अस्तर सापडलं असेल. उगवणीच्या कपाटाचं दार मी कधीही मधेच उघडून बघत नाही, तो नियमच आहे; आणि या वेळी तर दारच नव्हतं. माझ्या हाताखालच्या मुलींनी त्या दिवशी माझ्या मोजणीत दोनदा चूक काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चौदाव्या दिवशी जालन्यात रक्त दिलं, ते औरंगाबादला गेलं. रिपोर्ट फोनवर येणार होता आणि फोन होता दुकानात, गादीवर. त्याच दुपारी परतूरचं एक वऱ्हाड बस्ता बांधायला बसलं होतं. शालू पसरलेले, बायका पदर धरून भांडतायत, चहा फिरतोय. मी जिन्यात सगळ्यात खालच्या पायरीवर बसले होते. नवरा मिलमधून निघून मागच्या दाराने आला होता, अंगावर लोखंडाची पापडी तशीच.

फोन वाजला. सासऱ्यांनी उचलला. “हां,” म्हणाले. “हां जी. बराबर. बराबर.” चेहऱ्यावर काहीच नाही. रिसीव्हर ठेवला, वऱ्हाडाकडे बघितलं, मग जिन्याकडे.

“रुजलंय म्हणे,” ते म्हणाले.

दुकानात कुणालाच कळलं नाही काय रुजलं, पण वऱ्हाडातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली की चांगलं झालं. नवरा मटकन माझ्या शेजारी पायरीवर बसला आणि दोन्ही काळे हात तोंडावर दाबून धरले. सासऱ्यांनी खणाचं कुलूप काढलं, कुपी हातात घेतली, टोपण उघडलं, आणि वऱ्हाडाच्या डोक्यांवरून मला विचारलं, “आता चालंल का गं?”

मी म्हटलं, मामंजी, आता चालेल.

सोनोग्राफीत एकच दिसला. एकच होता. दिवस भरल्यावर मुलगी झाली, अडीच किलोला थोडी कमी, रडण्याचा आवाज मात्र भरपूर. मंठ्याहून आई आली, तिने नातीला उलटीसुलटी करून तपासलं आणि चांगली आहे म्हणाली. तिला मी छिद्राची सगळी हकिगत सांगितली. तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही.

मुलगी दहा महिन्यांची झाली तेव्हा डॉक्टरांनी केंद्राच्या वर्धापनदिनाला आम्हाला बोलावलं. भव्य मांडव, हार, शाली, नारळ. मंचाच्या मागे पलंगाएवढा एक फोटो लावला होता: आठ पेशी, चमकणारं कडं, कड्याला छिद्र. डॉक्टर अर्धा तास बोलले. म्हणाले की ज्या क्षणी हे कवच उघडलं त्या क्षणी एका घराचं भाग्य उघडलं. म्हणाले की आज या भागात मातृत्वाला विज्ञानाने नवी वाट करून दिली. मग मुलीला माझ्याकडून घेऊन तिचा हात फोटोतल्या आठ पेशींवर टेकवला आणि म्हणाले की बाळा, हीच तू. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलीने हारातलं झेंडूचं फूल तोंडात घातलं. मीही टाळ्या वाजवल्या, मला खरंच भरून आलं होतं, आणि सासरे तर उघड डोळे पुसत होते.

मॅडम सगळ्यात मागच्या रांगेत, दाराजवळ उभ्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि विचारलं की फोटोतला तोच का. त्या म्हणाल्या की सांगता येणार नाही. दोघेही एकाच नळीतून, एकाच वेळी सोडले होते. बियाण्याच्या लॅबमध्ये मी दोन लॉट असे एका पाकिटात घातले असते तर मला मेमो मिळाला असता, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. आत नेऊन त्यांनी रजिस्टर काढलं आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं. भ्रूण दोन. छिद्र एकाला. मुलगी एक. शेवटच्या रकान्यात, ‘कोणत्या भ्रूणापासून’ याच्याखाली, त्यांनी पट्टीने आडवी रेघ मारली होती.